कॉफीचा पेला: फ्रेंचांचा आणि आपला

शेतकरी बंधूंनो, नीरेच्या कांठीं, पुणें-सातारा रस्त्यावर वसलेल्या आमच्या शिरवळांत आल्यागेल्यास चहा देणें हा नित्याचा परिपाठ आहे. कॉफीचा मान मात्र निराळा. माझ्या लहानपणीं ती आजाऱ्यासाठीं, अथवा जांवई घरीं आला म्हणजे, भरपूर दूधसाखर व चिमूटभर जायफळ घालून होत असे. महसूल खात्यांतील कारकुनी संपून सवड मिळाली, तेव्हां या पेयाचा इतिहास मीं वाचला. त्यांत शेतकऱ्यानें ध्यानांत घ्यावें असें पुष्कळ आढळलें.

कॉफीचें झाड मूळचें हबसाणांतील. पेय म्हणून तें रूढ झालें येमेनांत. फ्रान्सच्या राजधानींत, म्हणजे पॅरिसांत, त्यास प्रतिष्ठा मिळाली ती १६६९ सालीं. त्या वर्षीं तुर्की सुलतानाचा वकील सुलेमान आगा तेथें गेला, व भेटीस येणाऱ्या सरदारमंडळींस कॉफी देऊं लागला. १६८६ सालीं प्रोकोपिओ नांवाच्या सिसिलीकर गृहस्थानें तेथें कॉफीगृह काढलें. पुढें अशा गृहांत व्होल्तेरसारखे पंडित बसूं लागले. आपल्याकडे पारावर ज्या गोष्टी चालतात, त्या तेथें कॉफीगृहांत चालत. फ्रेंच गृहस्थ सकाळीं दूध घातलेली कॉफी मोठ्या वाडग्यांत घेऊन तींत पाव बुडवून खातो. जेवणानंतर मात्र ती लहान पेल्यांत, बिनदुधाची घेण्याची चाल आहे.

परंतु हे दाणे पिकवीत कोण? आरंभीं ते येमेनांतून विकत आणावे लागत. म्हणून फ्रेंचांनीं १७१५ सालीं रोपें हिंदी महासागरांतील बूर्बों बेटावर नेलीं, व पुढें अमेरिकेकडील बेटांवर मळे केले. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या सें-दोमिंग वसाहतींत जगांतील सुमारें निम्मी कॉफी पिके. राबणारे मात्र आफ्रिकेंतून धरून आणलेले गुलाम होते. श्रम त्यांचे आणि नफा मालकांचा! १७९१ सालीं त्यांनीं बंड केलें. १८०४ सालीं तोच मुलूख हैती या नांवानें स्वतंत्र झाला.

त्यानंतर १८०६ सालीं नेपोलियननें इंग्लंडच्या व्यापाराची नाकेबंदी केली, आणि युरोपांत कॉफी दुर्मिळ झाली. तेव्हां चिकोरीचें मूळ वाळवून, भाजून व दळून कॉफींत मिसळण्याचा प्रघात फ्रान्सांत फार वाढला. पुढें टंचाई सरली, पण चव जिभेवर राहिली.

आपल्या देशांत सतराव्या शतकांत बाबा बुदन यांनीं मक्केच्या यात्रेहून परततांना सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरांत लावल्या, अशी परंपरा सांगते. महाराष्ट्रांतही अमरावती जिल्ह्यांतील चिखलदऱ्यास कॉफी होते. चिकोरी गुजरातेंतील शेतकरी पिकवितात. अर्थात् तीही कोणा कुणब्याच्या घामाचीच. तिला हलकी लेखण्याचें कारण नाहीं.

मात्र एक अनुभव सांगतों. मुलीस पाहावयास मंडळी येणार म्हणून मीं दुकानांतून चांगली म्हणून कॉफीची पुडी आणली. मंडळी गेल्यावर चष्मा लावून पाहिलें, तों बारीक अक्षरांत ४७ टक्के चिकोरी! कायद्याप्रमाणें अशा मिश्रणांत कॉफी निदान ५१ टक्के लागते, व प्रमाण पुडीवर छापावें लागतें. म्हणजे दुकानदार कायद्यानें चुकला नव्हता. न वाचतां पैसे देणारा मीच चुकलों होतों.

तरी बंधूंनो, पुडी घेतांना प्रमाण वाचून मग दाम द्यावा. मिश्रण करणें हा दोष नव्हे. तें लपविणें हा दोष होय. आणि हीच कसोटी आपण आपल्या हळदीस, गुळास व दुधासही लावावी. दुसऱ्याकडून चोख माल मागावयाचा, तर आपलें मापही चोख असलें पाहिजे.