दुखणे सांगण्यापुरते इंग्रजी

नागपूरहून मुलांकडे अमेरिकेस निघालेल्या ज्येष्ठांनो, व्याकरणाची धास्ती बाळगू नका. मराठीसोबत बाजारातील हिंदी आपण आयुष्यभर बोलत आलात; इंग्रजी ही तिसरी. प्रारंभ दुखण्याच्या शब्दांपासून करावा. छातीत कळ येते, धाप लागते, चक्कर येते ही वाक्ये रोज मोठ्याने म्हणावीत. नातवंडे उच्चारांना हसतील. हसू द्यावे, तीच उत्तम शिक्षक. घरी एकटे असताना ९११ क्रमांक फिरवून आधी पत्ता सांगता आलाच पाहिजे. रुग्णालयात मात्र अर्धवट इंग्रजीवर विसंबू नये, दुभाषा मागावा. केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या रुग्णालयांना तो विनामूल्य द्यावा लागतो. हिंदी नव्हे, मराठी, असे स्पष्ट सांगावे. मुलासुनेदेखत सांगण्यास संकोच वाटणारी तक्रारही मग डॉक्टरांपर्यंत पोहोचते.