छोट्या गाडीचा डबा आधी कुठे सडतो?

उमरेडवरून धावणारी नागपूर–नागभीड छोटी गाडी 2019 मध्ये थांबली. कारण रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटरवरून 1,676 मिलिमीटर करायचं होतं. तिच्या जातीची इंजिनं-डबे नागपूरच्या मोतीबागेत 2002 मध्ये सुरू झालेल्या नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांच्या गाड्यांच्या, संग्रहालयात आहेत. असा डबा जपायचा तर रंगाआधी पाणी शोधावं. लाकूड आणि लोखंड भिडतात तिथे पाऊस मुरतो. लाकडात साधारण 20 टक्क्यांहून जास्त ओल टिकली की बुरशीला फावतं. शेजारचं लोखंड गंजतं, आणि गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो. पत्रा फुगतो, सांधा उकलतो. वरून रंग फासला तर ओल आतच कोंडते. म्हणून कुजलेलं तेवढंच कापावं, सुकवलेल्या सागाचं ठिगळ बसवावं. सगळा डबा नवा करणं मला मुळीच पटत नाही. प्रवाशांच्या कोपरांनी गुळगुळीत झालेली खिडकीची चौकट सुताराला पुन्हा घडवता येत नाही.