शिक्षकाची पारख की पारपत्राची?

गेल्या महिन्यात एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. घरची भाषा मराठी, शाळा जिल्हा परिषदेची, पुढे इंग्रजी घेऊन एम. ए., त्यावर बी. एड. आणि सहा वर्षे एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इंग्रजीचे अध्यापन, असा त्याचा परिचय. दक्षिण कोरियातील इंग्रजी शिक्षकाच्या जागेची एक जाहिरात त्याने माझ्यापुढे ठेवली. पदवी हवी होती, पण ती कोणत्याही विषयाची चालणार होती. अनुभवाची अट नव्हती. मात्र उमेदवार ठरावीक सात देशांपैकी एकाचा नागरिक असला पाहिजे, ही अट ठळक अक्षरांत छापली होती. तो म्हणाला, "सर, माझ्याजवळ जे आहे ते त्यांना नको आणि त्यांना जे हवे आहे ते जन्मानेच मिळते. मग मी आणखी अभ्यास तरी कशाचा करावा?" त्या दिवशी मला धड उत्तर देता आले नाही. प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही म्हणून ते उत्तर येथे जाहीरपणे शोधावेसे वाटते.

ते सात देश म्हणजे अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. कोरियाने १९९७ पासून प्राथमिक शाळेच्या तिसऱ्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविण्यास आरंभ केला. सरकारी शाळांसाठी परदेशी शिक्षक आणण्याची योजना त्याच्या थोडी आधीच सुरू झाली होती. शिवाय 'हागवन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खाजगी शिकवणीवर्गांचे जाळे देशभर पसरलेले आहे. या साऱ्यांना इंग्रजी शिकविणारी माणसे लागतात आणि त्यांच्यासाठी असलेला 'ई-२' नावाचा व्हिसा मुख्यतः या सात देशांच्या नागरिकांसाठी राखून ठेवलेला आहे. जपानने १९८७ मध्ये परदेशी साहाय्यक शिक्षक बोलाविण्याची योजना आखली, तेव्हा तिच्यात चारच देश होते. पुढे जमैका, सिंगापूर, फिलिपाईन्स यांसारख्या देशांतील तरुणांनाही तिच्यात स्थान मिळाले. चीनने २०१७ मध्ये परदेशी कामगारांच्या परवान्यांची नवी व्यवस्था लागू केली. भाषेच्या शिक्षकाने तत्त्वतः आपल्या मातृभूमीची मातृभाषाच शिकवावी, असा दंडक तिच्यात घातलेला आहे.

हा दंडक वरवर पाहता वाजवी वाटतो. ज्याची जी भाषा त्याने ती शिकवावी, यात गैर ते काय, असे कोणी म्हणेल. परंतु यादीतील सातवे नाव पाहावे. दक्षिण आफ्रिकेत घरी इंग्रजी बोलणारे लोक दहांत एकाहूनही कमी आहेत. बाकीच्यांची घरची भाषा झुलू, खोसा, आफ्रिकान्स किंवा अशीच दुसरी कोणती तरी असते. तरीही तेथील झुलूभाषक तरुण इंग्रजी माध्यमातून शिकला असेल, तर तो कोरियात शिक्षक होऊ शकतो. त्याला तो अधिकार आहे हे योग्यच आहे. मात्र तशाच परिस्थितीत, तितकीच वर्षे इंग्रजीतून शिकलेल्या नायजेरियन वा फिलिपिनो तरुणाला तो अधिकार का नसावा, या प्रश्नाचे उत्तर भाषाशास्त्रात सापडत नाही. म्हणजे मातृभाषेची अट ही प्रत्यक्षात पारपत्राची अट आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा प्रकार अपरिचित नाही. ग्राहकाला मालाचा कस आधी कळत नसेल, तर बाजार कसा बिघडतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवून दिले. अशा बाजारात लोक खरा गुण सोडून गुणाची खूण पाहू लागतात, हे मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये नोकऱ्यांच्या संदर्भात मांडले. या विचारांसाठी दोघांनाही २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. शिक्षकाचा कस तर जुन्या मोटारीहूनही उशिरा कळतो. आपल्या मुलाचे इंग्रजी चांगले झाले की नाही, हे सोल शहरातील पालकाला दोन-तीन वर्षे समजत नाही. चेहरा, उच्चार आणि पारपत्र मात्र पहिल्याच दिवशी दिसते. शिकवणीवर्गाचा चालक त्या पालकाच्या खिशाकडे पाहून माणूस नेमतो. मालकाच्या मनात दुजाभाव नसला, तरी गिऱ्हाइकाच्या आवडीनिवडीमुळे तो कसा अमलात येतो, याचे विवेचन गॅरी बेकर यांनी १९५७ मध्येच केले होते. यापुढची पायरी म्हणजे गिऱ्हाइकाचा हा ग्रह सरकार नियमात लिहून टाकते. मग तो नुसता ग्रह उरत नाही. ती एक जकात होते आणि यादीतल्या देशांच्या नागरिकांना तिचा लाभ काही न करता मिळत राहतो.

आता मूळ प्रश्न असा की, जन्माने इंग्रजी बोलणारा माणूस अधिक चांगले शिकवितो काय? १९६१ मध्ये युगांडातील माकेरेरे येथे भरलेल्या परिषदेने इंग्रजीचा आदर्श शिक्षक हा मातृभाषकच असतो, असे जवळजवळ सूत्ररूपाने मांडले. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्ये ते सूत्र म्हणजे निव्वळ भ्रम असल्याचे सांगितले. पीटर मेद्येश या हंगेरियन अध्यापकाने १९९४ मध्ये अमातृभाषक शिक्षकाच्या बलस्थानांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्यांच्या युक्तिवादाचे सार आपल्याला पटण्यास अवघड जाऊ नये: जो वाट चालून गेला आहे, त्यालाच वाटेतले खड्डे ठाऊक असतात.

याचे एक उदाहरण आपल्याच भाषेत आहे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. कोरियन आणि जपानी भाषांतही ते शेवटीच येते. 'टेबलावर' म्हणताना आपण 'वर' हा शब्द नामानंतर जोडतो, त्याही भाषा असेच करतात. इंग्रजीत मात्र 'ऑन' आधी आणि 'टेबल' नंतर. इंग्रजीतील 'ए' आणि 'द' यांसारखी उपपदे मराठीत नाहीत, कोरियनमध्ये नाहीत आणि जपानीतही नाहीत. म्हणून ती कोठे घालावी आणि कोठे गाळावी, हे कोडे साताऱ्याच्या मुलाला पडते तसेच सोलच्या मुलालाही पडते. ज्याला ते कधी पडलेच नाही, त्याला पुष्कळदा 'असेच म्हणतात' यापलीकडे कारण देता येत नाही. जो ते कोडे सोडवून पुढे गेला, तो ते सोडविण्याची रीत सांगू शकतो. अर्थात, मराठी माणसाला जन्माने ही पात्रता येते असे नव्हे. ती इंग्रजी कष्टाने शिकल्याने येते. परंतु अशा कष्टांना बाजारात किंमत नाही, हीच तर तक्रार आहे.

तथापि तक्रारीची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. परदेशी संस्था आपल्या पदव्यांवर विश्वास ठेवीत नाहीत, याचा सगळा दोष त्यांच्या माथी मारता येणार नाही. वर्गात चार पाठ घेतल्याची नोंद वहीत होते आणि प्रत्यक्षात दोनही होत नाहीत, अशी अध्यापक महाविद्यालये आपण पाहिली आहेत. इंग्रजीतील एम. ए. हा शेक्सपिअरवर चार पाने लिहू शकतो, पण पंधरा मिनिटे सलग व सहज इंग्रजीत बोलण्याची वेळ आली की अडखळतो, हेही आपण पाहतो. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांच्या उच्चारांतील भेद आपल्यापैकी बहुतेकांना कोणी शिकविलेलाच नाही. खूण खोटी ठरू लागली की लोक दुसरी खूण शोधतात. आपल्या प्रमाणपत्रांनी आपली पत राखली असती, तर निदान वाद घालण्याचा आपला अधिकार अधिक भक्कम झाला असता.

मग त्या विद्यार्थ्याला सांगावयाचे काय? पहिली गोष्ट ही की, जाहिरातीत छापलेली यादी म्हणजे संपूर्ण कायदा नव्हे. भारत आणि दक्षिण कोरिया यांच्यातील व्यापक आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून अमलात आला. त्यान्वये इंग्रजी शिक्षकाची अर्हता असलेल्या भारतीय पदवीधरांना तेथील शाळांत साहाय्यक शिक्षक म्हणून काम करण्याची वाट मोकळी झालेली आहे. सातांच्या यादीबाहेरचे हे आठवे, अरुंद दार आहे. दार उघडे असणे आणि कोणी आत बोलाविणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे खरे. परंतु असे दार आहे, ही वार्ता तरी आपल्या महाविद्यालयांतील किती जणांच्या कानी गेली आहे?

दुसरी गोष्ट, जपानची. तेथील शाळेत इंग्रजी शिकविण्याच्या परवान्यासाठी बारा वर्षे इंग्रजी माध्यमातून शिक्षण झालेले असावे, असा नियम आहे. आमच्या या विद्यार्थ्याने अकरावीपासून सारे इंग्रजीतून केले, असे धरले तरी कनिष्ठ महाविद्यालयाची दोन, पदवीची तीन, एम. ए. ची दोन आणि बी. एड. ची दोन मिळून नऊच वर्षे भरतात. इंग्रजी माध्यमात वाढलेल्या त्याच्या चुलतभावाला ही अडचण येणार नाही, मग त्याला शिकविण्याची हातोटी असो वा नसो. हे कटू आहे. पण दलालाला पैसे भरण्यापूर्वी ते कळलेले बरे.

तिसरी गोष्ट, प्रमाणपत्रांची. इंग्रजी अध्यापनाचा केंब्रिजचा 'सेल्टा' हा अभ्यासक्रम सुमारे १२० तासांचा असून त्यात खऱ्या विद्यार्थ्यांपुढे, परीक्षकाच्या देखत सहा तास शिकवून दाखवावे लागते. त्याचे शुल्क लाखाच्या घरात जाते. घरबसल्या काही हजारांत मिळणाऱ्या कागदांवरही '१२० तास' असेच छापलेले असते, पण त्यांत एकही विद्यार्थी समोर नसतो. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठविणाऱ्या दलालांना १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने नोंदणी बंधनकारक केली. ती पाहिल्यावाचून पैसा देऊ नये. आणि 'आधी पर्यटक म्हणून जा, परवान्याचे मग पाहू' असे सांगणाऱ्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. पकडले गेल्यावर दंड, हद्दपारी आणि पुढील बंदी ही शिक्षकाच्या वाट्याला येते, दलालाच्या नव्हे.

चौथी गोष्ट अशी की, जग म्हणजे केवळ पूर्व आशिया नव्हे. सम्राट हैले सेलासी यांच्या काळात इथिओपियाच्या शाळांतून भारतीय शिक्षक, विशेषतः केरळचे, मोठ्या संख्येने शिकवीत होते. भूतान आणि मालदीव यांच्या शिक्षणव्यवस्थेच्या उभारणीत भारतीय शिक्षकांचा वाटा आहे. आखाती देशांतील भारतीय शाळांत आजही आपले लोक इंग्रजी शिकवितात. हैदराबादची १९५८ मध्ये स्थापन झालेली आणि आज विद्यापीठ बनलेली इंग्रजीची मध्यवर्ती संस्था परदेशांतून आलेल्यांना इंग्रजी शिकवीत आली आहे. भारतीय शिक्षक जगाला इंग्रजी शिकवू शकतो की नाही, हा प्रश्न इतिहासाने निकालात काढलेला आहे. प्रश्न उरतो तो मोबदल्याचा आणि मानाचा.

यात सरकारचे कामही आहे. व्यापारी करारांच्या वाटाघाटींत संगणक अभियंत्यांच्या व्हिशांसाठी आपण हट्ट धरतो, तसा शिक्षकांसाठीही धरला पाहिजे. आपली मागणी सवलतीची नसावी, परीक्षेची असावी. बोलण्याची कसोटी घ्या, वर्गात शिकवून पाहा आणि मग नाकारा. इंग्रजी अध्यापकांच्या 'टेसॉल' या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही २००६ मध्ये अमातृभाषकांविरुद्धच्या भेदभावाचा जाहीर निषेध केलेला आहे. त्या भूमिकेवर उभे राहण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही.

मात्र सोलच्या पालकाला नावे ठेवण्यापूर्वी आपण आपल्या अंगणात पाहिले पाहिजे. आपल्या शहरांतील शाळांच्या जाहिरातींत 'कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांना प्राधान्य' हे शब्द आपण वाचलेले नाहीत काय? शाळा निवडताना बाईंचे शिकविणे ऐकण्याआधी त्यांचे उच्चार आपण ऐकत नाही काय? महाराष्ट्राने २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आणले. ते शिकविण्याचा भार मराठी माध्यमाच्या हजारो शिक्षकांनी, पुरेशा प्रशिक्षणावाचून, उचलला. त्यांना आपण कधी इंग्रजीचे शिक्षक म्हणून मान दिला? कोरियाच्या नियमात जी यादी छापलेली आहे, ती आपल्या मनात न छापता लिहिलेली आहे, एवढाच फरक.

म्हणून त्या विद्यार्थ्याला माझे उत्तर असे: अभ्यास शिकविण्याचाच करावा, कारण कसोटी घ्या असे म्हणणाऱ्याने कसोटीस उतरण्याची तयारी आधी ठेवली पाहिजे. आठव्या दारावर अर्ज करावा. तो नाकारला गेला, तर कोणत्या कारणाने, हे लेखी मागावे. आणि तो येथेच राहिला, तर त्याच्या तासिकांचे पूर्णवेळ नोकरीत रूपांतर करण्यासाठी आपण काय केले, हा प्रश्न त्याने आपल्यालाही लेखी विचारावा. त्याचे उत्तर देणे कोरियन सरकारपेक्षा आपल्याला अधिक जड जाईल, असे मला वाटते.