दोन मोबाइल, दोन मित्र अन् एकच कोडं. बोलल्याशिवाय पुढं न सरकणारा गेम

मोबाइलवर गेम म्हटलं की घरच्यांच्या कपाळाला आठ्या. मान खाली, कुणाशी बोलणं नाही. पण डेन्मार्कमधल्या एका छोट्या कंपनीने २०१९ मध्ये आणलेला 'टिक टॉक : अ टेल फॉर टू' हा गेम बोलल्याशिवाय पुढंच सरकत नाही. (नावावरून घोळ नको, भारतात बंदी आलेलं व्हिडिओ ॲप वेगळं.)

खेळायला दोघं लागतात, ज्याचा त्याचा मोबाइल. घड्याळं बनवणाऱ्या एका बाईच्या जादुई दुनियेत दोघं अडकलेत, अशी गोष्ट. दोघांना दिसतं मात्र वेगवेगळं. कुलूप एकाच्या स्क्रीनवर, ते उघडायची खूण दुसऱ्याच्या. मोबाइल एकमेकांना जोडलेले नसतात, त्यामुळे एकदा डाऊनलोड केल्यावर रेंज नसली तरी पारावर बसून खेळता येतं. मित्र पुण्याला असेल तर साध्या फोनवर बोलूनही जमतं.

खरी कसोटी सांगण्याची. "हितं एक गोल हाय" एवढ्यानं भागत नाही. गोलात काटे किती, कुठल्या आकड्यावर, सगळं नीट सांगावं लागतं. दुसऱ्याच्या स्क्रीनमध्ये डोकावलं की मजा गेलीच.

गेम फुकट नाही, दोघांनाही वेगवेगळा विकत घ्यावा लागतो. म्हणून कुणी व्हॉट्सॲपवर फुकटची एपीके फाईल पाठवली तर उघडू नका. अशा फायलींमुळे लोकांची बँक खाती रिकामी झाली आहेत. प्ले स्टोअरवरूनच घ्या. गेममध्ये मराठी नाही, इंग्रजी वाचावं लागतं. पण दहावीतलं पोरगं जोडीला घेतलं की तेही निभतं.