चुन्याच्या चार रेषा, मधे जाळी

बॅडमिंटन म्हणजे क्लबातल्या साहेबांचा खेळ, असे वस्तीत अजून ऐकू येते. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकारी तो पुण्याच्या छावणीत खेळत आणि त्याला ‘पूना’च म्हणत. अवसरी बुद्रुकच्या मुलामुलींसाठी तो आपल्याच जिल्ह्यात रुजलेला खेळ आहे.

नियम सोपे आहेत. मैदान ४४ फूट लांब, २० फूट रुंद. एकेरीत रुंदी १७ फूट. जाळी मध्यभागी ५ फूट उंच. सर्व्हिस जमिनीपासून १.१५ मीटरच्या खालून, तिरक्या समोरच्या चौकटीत करायची. आपले गुण सम असतील तर उजवीकडून, विषम असतील तर डावीकडून. फूल रेषेवर पडले तरी आत. खेळताना जाळीला स्पर्श झाला की गुण समोरच्याला. २००६ साली आलेल्या पद्धतीत गेम २१ गुणांचा. २०-२० झाल्यास दोन गुणांची आघाडी हवी, नाहीतर ३०वा गुण घेणारा जिंकतो. तीनपैकी दोन गेम जिंकायचे.

नियम ठाऊक असले की भांडणे होत नाहीत आणि ‘मुलींना काय कळते’ म्हणून कुणी त्यांची पाळी हिरावत नाही. खेळाआधी अंग मोकळे करा. हृदयविकार, रक्तदाब किंवा गुडघेदुखी असल्यास आधी डॉक्टरांना विचारा. आम्ही एवढेच सुचवतो : संध्याकाळी अर्धा तास अंगण मोकळे ठेवा आणि पहिली सर्व्हिस घरातल्या लेकीला करू द्या.