पाण्याला वश झालेले औषध

हिवतापाच्या जंतूंचा निःपात करण्यास जे द्रव्य सर्वथा समर्थ आहे, परंतु पाण्यात विरघळत नसल्यामुळे ज्याला शिरेवाटे रक्तात तातडीने सोडता येत नाही, ते बेशुद्धावस्थेत पडलेल्या रोग्याच्या दृष्टीने नसल्यातच जमा असते. आणि चीनमध्ये तू योयो यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ च्या सुमारास छिंगहाव वनस्पतीतून वेगळ्या केलेल्या आर्टेमिसिनिनची नेमकी हीच अवस्था होती. ते ना पाण्यात पुरेसे विरघळे, ना तेलात.

रेणूत फेरफार करावा, तर त्यातही जोखीम होती. या द्रव्याचे सारे सामर्थ्य परस्परांस जोडलेल्या दोन ऑक्सिजन-अणूंच्या पेरॉक्साइड बंधात साठवलेले आहे. जंतूच्या देहातील लोहाशी गाठ पडताच तो तुटतो आणि त्यातून निघणारे उग्र कण जंतूचा नाश करतात. तो बंध प्रयोगशाळेतच तुटला असता, तर द्रव्य विरघळूनही निरुपयोगी ठरले असते. सुदैवाने सोडियम बोरोहायड्राइडच्या क्रियेने रेणूच्या दुसऱ्या टोकाशी हायड्रॉक्सिल गट निर्माण होतो आणि हा नाजूक बंध मात्र अबाधित राहतो, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. या गटाला सक्सिनिक आम्लाचे एक टोक जोडून दुसरे मोकळे ठेवण्याची तजवीज १९७७ साली ग्वेलिन येथे लिऊ श्यू यांनी केली. मोकळ्या टोकाचा खाण्याच्या सोड्याशी संयोग झाला की त्यावर विद्युत्‌भार येतो आणि पाण्याचे रेणू त्याला आपल्यात सामावून घेतात. हेच आर्टेसुनेट. रक्तात पोचताच सक्सिनिक आम्लाची ही शेपटी काही मिनिटांत गळून पडते आणि हायड्रॉक्सिल गट असलेले जंतुनाशक द्रव्य मोकळे होते.

मात्र पाण्यात फार वेळ राहिल्यास ही शेपटी कुपीतच गळू लागते. म्हणून औषध भुकटीच्या रूपात ठेवून, ऐन वेळी सोड्याच्या द्रावणात कालवून, विनाविलंब टोचण्याचा शिरस्ता आहे.

भारतासह आशियातील चार देशांत तीव्र हिवतापाच्या १,४६१ रोग्यांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले: दीर्घकाळ हुकमी मानल्या गेलेल्या कोयनेलच्या उपचारात शेकडा २२ रोगी दगावले, आर्टेसुनेटच्या उपचारात १५. पुढे आफ्रिकेतील बालकांवरील चाचणीतही आर्टेसुनेटच सरस ठरले, आणि तीव्र हिवतापात जागतिक आरोग्य संघटनेने कोयनेलऐवजी त्यालाच अग्रक्रम दिला.