शिपायाचे मास्तर झाले : कवी नारायण सुर्वे

कोयना एक्स्प्रेसने मुंबईला जाताना कर्जत मागे पडले की नेरळ लागते. माथेरानची छोटी गाडी तिथून सुटते, एवढे आपल्याला ठाऊक. पण कवी नारायण सुर्वे यांनी उतारवयात त्याच गावी घर केले होते, हे आम्हालाही माहीत नव्हते. २०१७ च्या फेब्रुवारीत डोंबिवलीला नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आम्ही तिथे नोकरीला असलेल्या पुतण्याकडे मुक्कामी होतो. पुस्तकांच्या मांडवात एका निवृत्त गुरुजींशी गप्पा झाल्या. आम्ही साखर कारखान्याकडचे, हे कळल्यावर ते म्हणाले, "तुमच्या ऊसतोड्यांची पोरं शाळेत जातात का हो? आमच्या सुर्व्यांची शाळा पोटापायीच सुटली होती." आम्हाला काही उत्तर देता आले नाही.

सुर्वे यांचा जन्म १९२६ चा धरतात. धरतात म्हणायचे, कारण जन्मदाते कोण ते शेवटपर्यंत कळले नाही. मुंबईत रस्त्यावर टाकून दिलेले ते पोर गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलून घरी आणले. गंगाराम आणि काशीबाई दोघेही गिरणीत राबणारी माणसे, पण त्यांनी पोराला आपले नाव दिले आणि शाळेत घातले. चौथीपर्यंत गाडी नीट चालली. १९३६ मध्ये गंगाराम निवृत्त होऊन कोकणात गावी गेले. जाताना पोराच्या हातावर दहा रुपये ठेवले. त्या वयात दहा रुपयांवर मुंबई काढायची! घरगडी झाला, हॉटेलात कपबशा विसळल्या, गिरणीत राबला, हमाली केली.

पुढे महापालिकेच्या शाळेत शिपायाची नोकरी लागली. घंटा द्यायची, वर्ग झाडायचे. ते करता करता सुर्व्यांनी थोरपणी सातवीची परीक्षा दिली आणि महापालिकेच्या शाळेतच ते शिक्षक झाले. आम्हाला विचाराल तर सगळ्या मानसन्मानांपेक्षा हीच गोष्ट मोठी. त्यांच्या पत्नी कृष्णाबाईंनी आपल्या आत्मकथनाला नाव दिले 'मास्तरांची सावली'. म्हणजे घरीसुद्धा ते मास्तरच!

कविता दिवसभराच्या कामातूनच आली. १९५८ साली 'नवयुग'मध्ये कविता छापून आली. 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ ला, 'माझे विद्यापीठ' १९६६ ला. हे विद्यापीठ म्हणजे रस्ता, कारखाना आणि भाकरीचा प्रश्न. 'जाहीरनामा' (१९७५) मधल्या काही कविता आम्हाला जरा भाषणासारख्या वाटल्या, खोटे कशाला सांगा. पण 'डोंगरी शेत' हे गाणे आपल्या बायाबापड्यांनी रेडिओवर ऐकलेले आहे. ते गिरणगावात राहणाऱ्या या माणसाने लिहिले! सातारा-कोल्हापूरची, कोकणची माणसे गिरणीत त्याच्या शेजारी उभी होती. त्यांची शेती त्याने त्यांच्या तोंडूनच ऐकली असणार.

१९९५ ला परभणीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, १९९८ ला पद्मश्री मिळाली. १६ ऑगस्ट २०१० रोजी ठाण्यात त्यांचे निधन झाले.

आता आपल्याकडचे. दसरा झाला की टोळ्या उतरतात. आईबाप पहाटे फडात, थोरली मुलगी कोपीवर धाकट्याला सांभाळते, दहा-बारा वर्षांचा पोरगा मोळ्या वाहतो. गावाकडच्या शाळेत हजेरीपटावर त्याचे नाव असते, पण हंगामभर पोरगा आपल्या शिवारात. साखरशाळा असली तरी पोराला तिथवर पोचवायला कोणी मोकळे नसते. आपल्या उसाला तोड मिळाली की आपण वजन बघतो, वाढी बघतो, खेपा मोजतो. पोरे मोजत नाही. आम्हीही आजवर मोजली नव्हती.

म्हणून एक विनंती. येत्या हंगामात आपल्या फडात टोळी आली की मुकादमाकडून सहा ते चौदा वर्षांच्या मुलांची नावे आणि इयत्ता लिहून घ्यावी. चिठ्ठी चिटबॉयकडे नाहीतर गट ऑफिसात द्यावी. तिथून ती जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे नेऊन देण्याचे काम आम्ही अंगावर घेतले आहे.